अंशतः सहमत

जगात लिहिणाऱ्यांना तोटा नाही. पण लिहिलेलं सगळं, अगदी लेखाखालच्या तारखेसकट, वाचणारा माणूस परमेश्वराने एकच घडवला, आणि त्याला माझ्या बायकोचा थोरला मामा करून पोलादपूरच्या वरच्या डोंगरात, कुडपण गावी पाठवून दिला. मी महाडला राहतो. लोकांच्या वेबसाइट बनवून देणं हा माझा धंदा. त्यातून वेळ उरतो तेव्हा स्वतःच्या ब्लॉगवर शिक्षण, नोकरी, राजकारण आणि वेबसाइट कशा असाव्यात या चार विषयांवर मतं मांडतो. ही मतं माझ्याकडे कोणी मागितलेली नसतात. मित्र लेख न उघडताच अंगठा दाखवून मोकळे होतात. बायको म्हणते, "मी रोज तोंडी ऐकते, आणखी वाचायचं कशाला?" अशा परिस्थितीत कोणीतरी आपला लेख दोनदा वाचतो, पोलादपूरला उतरून त्याची झेरॉक्सच्या दुकानात छापील प्रत काढतो, तिच्यावर लाल पेनाने खुणा करतो आणि ती प्रत घेऊन एसटीने महाडला येतो, हे सुख की शिक्षा, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

मामांनी उभी हयात बिरवाडीला खोली घेऊन तिथल्या एका कारखान्यात बॉयलरवर काम केलं. दर तासाला काट्याकडे बघायचं, दाब किती ते रजिस्टरात लिहायचं आणि पुढच्या रकान्यात शेरा मारायचा. निवृत्त होऊन ते गावी गेले, नाचणी-वरी करू लागले, म्हशी पाळल्या. पण हात काही ऐकेना. कोरी रजिस्टरं त्यांनी बाजारातून विकत आणली, आणि दाब लिहायला बॉयलर उरला नव्हता म्हणून माझे लेख घेतले. माझ्या प्रत्येक लेखाची त्या रजिस्टरात नोंद आहे. वेळ, विषय, दाब, शेरा. दाब म्हणजे मी लिहिताना किती तापलो होतो त्याचा अंदाज. "राजकारणावरचा लेख. दाब नऊ. दुसऱ्या परिच्छेदात व्हॉल्व्ह उडाला." असं वाचलं की वाईट वाटतं; पण लेख पुन्हा उघडून पाहावा, तर दुसऱ्या परिच्छेदात खरोखरच काही धड राहिलेलं नसतं. शेरा मात्र बहुतेक वेळा एकच: अंशतः सहमत. एकदा मी चिडून विचारलं, "मामा, पूर्ण सहमत कधी होणार?" ते शांतपणे म्हणाले, "जावई, काटा पूर्ण गेला की बॉयलर फुटतो."

प्रतिक्रिया तातडीची असली तर मोबाईलवर यायची. टाइप करणं त्यांना जमत नाही, म्हणून ते मोबाईलला तोंडी सांगत आणि मोबाईल लिहून घेई. त्या मोबाईलला कुडपण हा शब्द माहीत नव्हता. तो तिथे न चुकता बालपण लिहायचा. त्यामुळे ऐन कामाच्या गर्दीत मला "बालपणात तीन दिवस लाइट नाही" किंवा "बालपणाचा रस्ता खचला, गाडी येत नाही" असे निरोप येत. एकदा तर "बालपणात सगळे बरे आहेत, तुम्हीच येत नाही" असा निरोप आला, आणि तो वाचून मी समोरच्या गिऱ्हाइकाला त्याचं सगळं म्हणणं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं होतं.

वेबसाइटच्या बाबतीत तर मामांनी मला धंदाच शिकवला. तेव्हा गावात नेटवर्क नव्हतं. पठाराच्या कडेला एक कातळ आहे, त्यावर उभं राहून फोन पोलादपूरच्या दिशेने धरला की एखादी काडी मिळे. म्हशी चरायला सोडून मामा तिथे माझे लेख उघडत. वेबसाइट हलकी असावी, झटकन उघडावी, असा मी एक मोठा लेख लिहिला होता, भरपूर चित्रं घालून. त्यावर फोन आला. "जावई, तुमचा हलका लेख उघडेस्तोवर माझ्या दोन म्हशी नजरेआड गेल्या. अजून तुमचा फोटो उतरतोय. कपाळ आलं हाय, नाक यायचंय." मी फोटो काढला. मग चित्रं काढली. मग हळूहळू गिऱ्हाइकांच्या वेबसाइटींचीही चरबी उतरवली, आणि प्रत्येक नवी वेबसाइट आधी कातळावर पाठवू लागलो. "एक म्हैस हलली नाय, तंवर उघडली," असा निरोप आला की मी काम पुरं झालं असं समजे.

यात एक धोका होता, तो माझ्या उशिरा लक्षात आला. मामा वेबसाइट नुसती उघडत नसत, वाचतही. एका रिसॉर्टवाल्यासाठी मी वेबसाइट केली होती. त्यावर त्याने हौसेने लिहून घेतलं होतं की कुडपणचं पठार इथून फक्त दहा मिनिटांवर. मामांनी वेबसाइटवरचाच नंबर फिरवला. "मी कुडपणास्न बोलतोय. दहा मिनटं म्हणताव ना? निघा. मी घड्याळ लावून उभा हाय." रिसॉर्टवाल्याला वाटलं, कोणी मोठा पाहुणा असावा, तो बिचारा गाडी काढून खरंच निघाला आणि वळणावळणाने पाऊण तासाने घामेघूम होऊन पोचला. मामांनी त्याला ताक पाजलं, घड्याळ दाखवलं, माझं नातं सांगितलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन. मला वाटलं, काम गेलं. तो म्हणाला, "ते दहाचं पाऊण तास करा हो. आणि तुमचे ते मामा पुन्हा फोन करणार नाहीत एवढं बघा."

नोकरी-धंद्यावर मी लिहिलं होतं की घरून काम करणारा माणूस कचेरीतल्या माणसापेक्षा जास्त काम करतो. चौथ्या दिवशी मामा सकाळच्या गाडीने दारात हजर. हातात रजिस्टर. म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी नुसता बसतो." ते माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला संध्याकाळपर्यंत बसले. मी इतका अवघडलो की धड जांभईही देता येईना. जाताना त्यांनी रजिस्टर बायकोच्या हातात दिलं आणि तिने ते मोठ्याने वाचलं. "दहा दहा, बसले. दहा पंचवीस, चहा. दहा चाळीस, मांजराशी बोलले. अकरा, मोबाईलवर क्रिकेट. साडेअकरा ते एक, काम, चांगलं. एक, जेवण. दोन ते सव्वातीन, डोळे मिटून विचार." बायको हसून हसून खाली बसली. मामा मात्र गंभीर. "कचेरीत मांजर नसतंय," ते म्हणाले, "म्हणून अंशतः सहमत."

राजकारणावर लिहिलं की शिव्या येतात, हे ब्लॉग लिहिणाऱ्या प्रत्येकाने गृहीत धरलेलं असतं. मामांनी ते गृहीत धरलं नाही. पोलादपूर तालुक्यातला एक गृहस्थ मला लेखाखाली नियमाने अद्वातद्वा बोलायचा. मी त्याला उत्तर देत नसे. मामांनी दिलं. "आपण कुठल्या वाडीचे? आपली आई कशी आहे? एकदा घरी या." त्याने त्यांनाही एक हासडली. तेव्हा मामांनी पोलादपूरच्या बाजारात चौकशी करून त्याचं घर शोधलं आणि काकडीची पिशवी घेऊन त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. काय बोलणं झालं कोण जाणे. पुढच्या आठवड्यात तो कुडपणला येऊन मामींच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन गेला. मत त्याने तसूभरही बदललं नाही. फक्त तेव्हापासून तो मला अहो-जाहो करून शिव्या देतो. "अहो, आपण महामूर्ख आहात," असं वाचताना राग धरणं फार कठीण जातं.

तर असे हे मामा. माझ्या एकाही लेखावर त्यांचा शेरा आला नाही असं कधी झालं नव्हतं. आणि गेल्या पावसाळ्यात ते झालं.

मी शिक्षणावर लिहिलं होतं. ज्या वाड्यांवरच्या शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पोरं उरली आहेत, त्या शाळा बंद करून ती पोरं खालच्या मोठ्या शाळेत पाठवावीत. तिथे जास्त शिक्षक असतात, मैदान असतं, सोबतीला मुलं असतात. अंतर अर्धा-पाऊण तासाचं. शक्य तिथे गाडीची सोय करता येईल. लेख मुद्देसूद होता, मला स्वतःलाच फार आवडला. इतरांनाही आवडला. कधी न वाचणाऱ्यांनी वाचला, "अगदी योग्य" म्हणून पुढे पाठवला. फक्त कुडपणहून काही येईना. चार दिवस गेले, आठवडा गेला. फोन लावला तर बंद. दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "चल. काहीतरी झालंय." आम्ही भर पावसात गाडी काढली.

घरी मामी एकट्याच होत्या. मामा कुठे आहेत विचारलं, तशा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "शाळेत गेलेत."

"कुठल्या शाळेत?"

"खालच्या. रोज जातात. तुमचा लेख वाचला त्या दिवसापास्न. ह्यांचं काय खरं नाय गो," असं म्हणून त्या भाचीला धरून रडायलाच लागल्या. त्यांनी सांगितलं ते असं. मामांनी शेजारच्या पहिलीतल्या पोरीला अंगणात चालायला लावून तिचं पाऊल मोजलं. तेवढीच सुतळी तोडून आपल्या दोन्ही घोट्यांना बांधली, म्हणजे टांग तिच्याहून मोठी पडायला नको. पाठीवर तिच्यासारखंच दप्तर. आणि असे सत्तरी ओलांडलेले मामा रोज आठ वाजता घरातून निघून पायवाटेने खालच्या शाळेच्या फाटकापर्यंत जात, वेळ लिहीत आणि परत येत. सहाव्या दिवशी ओढ्यापाशी पडले. गुडघा सुजला, दप्तरातला फोन भिजून बंद पडला. एक दिवस घरी बसले आणि पुन्हा निघाले.

दुपारी ते लंगडत आले. चिखलाने माखलेले, पायात सुतळी तशीच. मला बघून फार खूश झाले. मी म्हटलं, "मामा, प्रतिक्रिया नाही आली तुमची."

"चालू हाय," ते म्हणाले. "अजून पुरी झाली नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आज मी जातो, तुम्ही बसा. मामांनी वाकून सुतळी माझ्या घोट्यांना बांधली. जावयाच्या पायाला हात लावताना त्यांना काही वाटलं नाही. मला मात्र त्या वेळी कुठे बघावं कळेना. आठ वाजता मी निघालो. पहिल्या दहा मिनिटांत हसू येत होतं. मग उतार लागला. मोठा माणूस जिथे सहज एक पाय टाकतो तिथे मला बसून उतरावं लागत होतं. ओढ्याला पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं. मी काठावर उभा राहिलो आणि ते पहिलीतल्या पोरीला कुठवर येईल ते स्वतःच्या अंगावर हात धरून बघितलं. तिच्या उंचीच्या हिशेबाने हात छातीवर आला. मी सुतळी सोडली, तेव्हा कुठे ओढा ओलांडता आला. पुढे गाडीरस्त्यावर रात्रीत दरडीची माती आली होती. सोय केलेली गाडीही तिथेच थांबली असती. फाटकाशी पोचलो तेव्हा घड्याळात पावणेअकरा झाले होते. आत प्रार्थना होऊन पहिला तास संपत आला होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मामा, लेख काढून टाकतो."

मामा एकदम तापले. त्यांना तापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "खोडायचं नाय! रजिस्टरात खाडाखोड चालत नाय. तुमचं म्हणणं खोटं नाय. इथं पोरांना सोबत नाय, खेळायला नाय, ते खरंच हाय. फक्त माझं खाली लावा."

मी त्यांच्या नोंदी जशाच्या तशा लेखाखाली लावल्या. निघालो, पोचलो, पाणी किती, पडलो, उठलो. "अगदी योग्य" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण गप्प झाले. एकाने "भावनिक होऊ नका" असा सल्ला दिला. आमच्या अहो-जाहोवाल्याने तेवढं लिहिलं, "अहो, मामांचा गुडघा कोणी डॉक्टरला दाखवला की नाही?"

दाखवला. पण तो गुडघा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, आणि याचं मला जे वाटतं ते मी कुठल्याही लेखात लिहू शकलेलो नाही. वाडीवरची शाळा चालू आहे. माझ्या लेखाने ती बंद होणार नव्हती आणि मामांच्या चालण्याने टिकली असंही नाही. यंदा शेजारचं कुटुंब मुंबईला गेलं. ती पहिलीतली पोरही गेली. मामा तिला फाट्यापर्यंत पोचवायला काठी टेकत गेले होते म्हणे.

आता ते महाडला येत नाहीत. डोळ्यांनाही कमी दिसतं. गावात टॉवर आला आहे, म्हणून रविवारी दुपारी मी फोन करतो आणि नवा लेख त्यांना वाचून दाखवतो. मधूनमधून "हं" येतो, कधी "थांबा, ते पुन्हा वाचा" येतं. गेल्या रविवारी बराच वेळ "हं" आला नाही. मी थांबलो. मग हळू आवाजात मामी बोलल्या.

"झोप लागली त्यांना. आधी दुपारचे कधी झोपत नसत."

"मग ठेवतो, मामी."

"नको, वाचा तुम्ही. जागे झाल्यावर विचारतील, पुढं काय लिव्हलं म्हणून. मला सांगाय लागेल."

मी आवाज खाली आणून, झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून वाचावं तसा उरलेला लेख संपवला. मामी इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्याबद्दल कधी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जावई, राग मानू नका. पण शेवट मला पटला नाय."

"काय पटलं नाही?" मी विचारलं, आणि पेन्सिल शोधू लागलो.