काकूंची लिफ्टमधली खुर्ची

मंडळी, आज सकाळी आमच्या देवासच्या बिल्डिंगमधल्या आठव्या मजल्यावरच्या काकू गेल्या. एकट्याच राहायच्या. मुलगा पुण्याला न्यायला तयार होता, पण बाल्कनीतून टेकडी दिसणारं घर त्यांना सोडायचं नव्हतं.

गुडघे पार गेलेले आणि आमची लिफ्ट रडतखडत चालणारी. म्हणून काकूंनी लिफ्टमध्ये स्वतःची प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तिच्या जोरावर त्या रोज संध्याकाळी खाली बाकावर गप्पा मारायला यायच्या.

दिवाळीच्या आधी कमिटीने ती खुर्ची उचलून बेसमेंटमध्ये टाकली. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, फ्लॅट बघायला लोक येतात. त्यांना वाटतं हॉस्पिटलच आहे." त्यानंतर काकू खाली आल्याच नाहीत. आम्ही म्हणत राहिलो, वय झालं.

आज त्यांना खाली न्यायचं होतं. लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही, आणि आठ मजले जिन्याने उतरवायला कोणी पुढे येईना. तेव्हा हेच सेक्रेटरी वॉचमनवर ओरडले, "अरे भिया, काकू की वो कुर्सी लाओ नीचे से!"

खुर्ची आली. पुसलीसुद्धा. काकूंना तिच्यात बसवून ओढणीने बांधलं आणि लिफ्टने खाली आणलं. कोणालाही हॉस्पिटल वाटलं नाही.

स्मशानातून परतल्यावर मी सेक्रेटरींना विचारलं, "खुर्ची आता लिफ्टमध्येच ठेवायची का?"

ते म्हणाले, "छे! पण फेकू नका. पुन्हा लागेल."

तुमच्या बिल्डिंगमध्ये म्हाताऱ्या माणसाला लिफ्टमध्ये खुर्ची कधी मिळते?