आवाज उलटा नेणारी वायर

आमचे शेजारी कचरूनाना दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून बघायचे. कन्नड तालुक्यात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला होता. शहरात गारखेड्यात राहायला आले, तरी संशय काही सुटला नाही. "गोड बोलतोय ना, मंग नक्की कायतरी हाय," हे त्यांचं ठरलेलं.

त्यांच्या बायकोला, काकूंना, ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा पुण्याच्या मुलाने, सतीशने, टीव्हीचा आवाज मोठा करणारा साउंडबार पाठवला. घर विकून पुण्याला चला म्हणाला, म्हणून बापलेकांचं बोलणं बंद होतं. "सोता यायचं सोडून डबा धाडतो? यात डाव हाय, सुरेखा," नाना मला म्हणाले. काकू मात्र त्या डब्यावरून हात फिरवत होत्या.

मी एचडीएमआयची वायर 'एआरसी' लिहिलेल्या खाचेत लावली आणि नको तो शहाणपणा केला. "नाना, याच वायरीतून टीव्हीचा आवाज उलटा बाहेर येतो."

झालं! "उलटा? म्हंजी हितलं बोलणं बी तिकडं जात असंल!"

घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. नाना ढिम्म.

तेव्हापासून सतीशचा विषय निघाला की नाना आधी वायर उपटायचे. मग काकूंना ऐकू जावं म्हणून असे ओरडायचे, की ती गुप्त खलबतं मला भिंतीपलीकडे भाजी चिरताना पाठ व्हायची!

"आज बी फोन नाय त्याचा!"

"कुणाचा?"

"तुझ्या लेकाचा!"

मला हसू फुटायचं. पण पाठोपाठ काकूंचं रडणं यायचं, आणि मग भाजीत लक्ष लागत नसे.

एका दुपारी त्यांची वाटी परत द्यायला गेले. काकू झोपलेल्या, टीव्ही बंद, वायर मात्र लावलेली. नाना साउंडबारसमोर मांडी घालून हळू आवाजात बोलत होते, "सतीश, तुझी आई लई थकली रे. घर ईक, काय बी कर. पर एकदा येऊन जा."

मला बघताच गडबडीने उठले. "वायर तपासत व्हतो," म्हणाले. मी वाटी ठेवून निघाले. घरी येऊन मी सतीशला फोन लावला आणि ऐकलेला शब्दन् शब्द सांगितला.

रविवारी सतीश दारात! काकू त्याचा हात सोडेनात. नानांनी मला ओढतच गॅलरीत नेलं.

"खरं सांग, तू फोन केलता का?"

"छे हो नाना! मी कशाला करू?"

नानांनी माझा चेहरा नीट निरखला. मग त्यांचाच चेहरा असा फुलला म्हणता! "बघ! मी म्हणत नव्हतो?" आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "तुझ्या बी टीव्हीची वायर काढून ठेव, पोरी. सगळं ऐकती ती."