खंडेनवमीच्या पाटावरचा कॉम्प्युटर

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर काय मांडायचं हे बाबा ठरवतात. मधोमध तलवार, म्यानातून काढलेली. आमचे कोणी पूर्वज ती घेऊन दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले म्हणे. आता तिने काकडीही कापली जाणार नाही, पण मान तिचा पहिला. शेजारी बाबांचे पाने-पक्कड, आईची शिवणाची कात्री, विळी. माझं त्यात कधी काही नसे, आणि मी तसं कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. मनात मात्र दरवर्षी चरफडायची.

माझं काम असं की अजून न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची. भिंतीचा रंग, खिडकीतून येणारं ऊन, सोफ्यावरच्या उश्या, सगळं खरं वाटलं पाहिजे. ज्या ऑफिसात मी हे करायची ते बंद पडलं, तेव्हापासून दाना ओली गल्लीतल्या आमच्या घरातूनच करते. बाबांच्या लेखी हे काम नव्हतंच. कोणी विचारलं तर सांगायचे, "घरीच असते सध्या." मी एखादं चित्र दाखवायला बोलावलं की म्हणायचे, "तुझं ते तू बघ." फोनवर दाखवलं तर त्या एवढ्याशा काचेत काय बघायचं म्हणून हात झटकायचे. आणि भाद्रपदात माझा जुना कॉम्प्युटर बसला, तर दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखीच्या एका शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला. चित्रकला शिकवायची नोकरी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हो-नाही कळवायचं होतं.

मी भांडले. घर डोक्यावर घेतलं म्हणा ना. आई मध्ये पडली आणि शेवटी असं ठरलं की मी नवीन मशीन जोडायचं आणि दसऱ्याला बाबांना समोर बसवून माझं काम दाखवायचं. त्यांना पटलं तर शाळेचा विषय संपला.

पाटणकर बाजारातून मी एकेक भाग आणला. दुकानदार जोडून द्यायला तयार होता, पण मलाच हौस. स्वतः जोडणार म्हटलं. भाग आणले ते नेमके नवमीच्या आदल्या दिवशी, आणि बाबांनी खोकी बघून विचारलं, "हे तुझं हत्यार आहे ना? मग उद्या पाटावर ठेव."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे असं, चहाचा कप हातात धरून, सहज.

"जोडून, चालू करून ठेवते," मी म्हटलं.

"आधी पूजा, मग चालू. आणि खोक्याची पूजा नाही करत आपण. तलवार म्यानात ठेवतो का? उघडं मांड सगळं."

म्हणून मुख्य बोर्ड, मेमरीची पट्टी, ग्राफिक्स कार्ड, सगळं लाल कापडावर ओळीने उघडं मांडलं गेलं. बाबांनी प्रत्येकावर हळदकुंकू आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. पाणी शिंपडायला हात उचलला तेव्हा मी अशी किंचाळले की आईच्या हातातली आरती विझली. पाणी वाचलं. अक्षतांना मी काही म्हटलं नाही. इतक्या मानाने कोणी तुमच्या वस्तूवर तांदूळ टाकत असेल तर त्याचा हात कसा धरणार?

पूजेतली वस्तू दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही. त्या दिवशी मी पाटाभोवती किती चकरा मारल्या असतील! आई म्हणाली, "बस ना एका जागी, का फिरून राहिली आहेस?" बसले की पाय हलायला लागायचा.

दसऱ्याला सकाळी बाबांनी वस्तू हलवल्या आणि मी कामाला लागले. मेकअपच्या ब्रशने तांदूळ झटकले, सगळं जोडलं, वायर खोचली, बटण दाबलं. पंखे फिरले, आत निळे दिवे लागले. स्क्रीन काळा. थोड्या वेळाने त्यावर अक्षरं आली, 'नो सिग्नल', आणि तीही गेली.

"आलं का?" बाबांनी विचारलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत, सणाचा सदरा घालून तयार बसले होते.

"येईल."

आधी माझीच चूक सापडली. स्क्रीनची वायर मी ग्राफिक्स कार्डाला लावायची ती बोर्डाला लावली होती. स्वतःला शिव्या घातल्या, वायर बदलली, बटण दाबलं. काळा. वायर टीव्हीला लावून बघितली, वायर ठीक. स्क्रीन दुसऱ्या वायरने बघितला, तोही ठीक. ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवलं. काळा तो काळाच.

"आलं का गं?"

"बाबा, आलं की सांगते ना!"

माझा आवाज चढला होता. आईने स्वयंपाकघरातून डोकावून डोळे मोठे केले. श्रीखंडाचा वास येत होता आणि मला त्याचाही राग येत होता. शाळेतली ती खोली, खडू, रंगपेटीवरून भांडणारी पोरं, सगळं मला समोर दिसायला लागलं.

दुकानदाराला फोन लावला. "मैडम, आज दशहरा है," त्याने आधी मला ऐकवलं, मग म्हणाला, "बोर्ड पे कोई छोटी लाइट जल रही है क्या? देखो, बगल में क्या लिखा है."

एक बारीक पिवळा दिवा खरंच लागला होता. शेजारी मेमरीचं नाव.

"तो रैम ठीक से बैठी नहीं है. निकाल के फिर लगाओ, दोनों तरफ़ से खट् आवाज़ आनी चाहिए."

वीज बंद केली, मेमरीची पट्टी काढली, बसवली. एका बाजूने खट् झालं. दुसऱ्या बाजूने काही केल्या होईना. अंगठ्याने जोर लावला तर बोर्ड वाकायला लागला. मोडलं तर संपलंच. पट्टी परत काढली, फोनचा टॉर्च लावला आणि त्या काळ्या खाचेत नाक खुपसलं. तळाशी काहीतरी लाल होतं.

भुवयांच्या चिमट्याने ते बाहेर काढलं. तांदूळ. कुंकवात भिजून, वाळून तळाला चिकटलेला.

मी एवढी हसले की बाबा उठून आले. "काय निघालं?"

खरं तर सांगायचं नव्हतं. बिचाऱ्यांनी पहिल्यांदा माझं काही पाटावर घेतलं, आणि त्यांच्याच अक्षतेने ते अडलं. पण चिमटा हातात होता, लपवणार कुठे? "अक्षत अडकली होती," मी म्हटलं.

त्यांनी तळहात पुढे केला. दाणा घेऊन बोटांत फिरवला, पुन्हा फिरवला. "ही कणी आहे," ते म्हणाले. "तुटलेली. अक्षतांत कणी कशी आली?" अक्षता दरवर्षी ते स्वतः निवडतात, आईलासुद्धा हात लावू देत नाहीत. अख्खा दाणा असता तर त्या अरुंद खाचेत उतरलाच नसता. ते खुर्चीत जाऊन बसले. मला घाई होती, मी पट्टी बसवली. खट्. दुसऱ्या बाजूनेही खट्.

बटण दाबलं. पंखे फिरले, आणि काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटली. नवीन मशीन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा येतात तशी, नुसत्या इंग्रजी ओळी, कुठला भाग सापडला, कुठला नाही. चित्र दिसायला अजून बराच अवकाश होता. आधी सगळे प्रोग्राम आत भरायचे, मग माझ्या फाइली.

"आलं!" दारातून आई ओरडली.

ते ऐकून बाबा उठले. सदरा नीट केला, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधले आणि काचेकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं. मी सांगणार होते की थांबा, अजून काही नाही.

"छान काढलंयस गं," ते म्हणाले. "घर मोठं वाटतं. उजेड पण खूप आहे."

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

"शाळेत उद्या मी नाही म्हणून कळवतो," बाबा म्हणाले. "हे काम सोडू नकोस."

मला हवं होतं ते सगळं त्यांनी देऊन टाकलं होतं, आणि माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. समोर त्या पांढऱ्या ओळी तशाच होत्या, आणि बाबांना त्या दिसत नव्हत्या. मी बाबांचा हात धरला आणि खिडकी कुठे आहे, ऊन कुठून येतं, उश्या कोणत्या रंगाच्या आहेत, ते सांगायला लागले.