साबण न लावलेला बेल्ट

उत्तम भाऊजी गेले त्या दिवशी मला आधी रडू आलं नाही, राग आला. सकाळी भाकरीसाठी पीठ परातीत काढलं होतं आणि शोभाचा, माझ्या धाकट्या जावेचा, फोन आला. "ताई, हे उठंनात..." एवढंच ती म्हणाली. पिठाच्या हातानं तशीच पळाले. जिंतुरात आमची घरं एक गल्ली सोडून आहेत. भाऊजी पलंगावर कुशीवर निजलेले, उशाशी खाण्याच्या सोड्याची डबी आणि अंगणात त्यांची पांढरी गाडी धुऊनपुसून उभी. मला त्या डबीचा राग आला आणि गाडीचाही. आता पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही उरकला. माणसं आली, त्यांच्याविषयी चांगलं बोलली, जेवून गेली. माझा राग मात्र तिथंच आहे.

भाऊजी हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते, या माणसाला घरातला कुठलाही आवाज सहन होत नसे. पंखा कुरकुरला की स्टुलावर चढ, दार कर्रकन वाजलं की बिजागरीत तेल घाल. बायको हाका मारमारून थकली तरी ऐकू यायचं नाही, पण शेजारच्या मोटारीचा सूर बदललेला ओळखायचे. त्यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं आहे. तेही हसून घ्यायचे. दीर-भावजयीचं आमचं ते असं होतं.

निवृत्ती जवळ आली तशी त्यांनी ही जुनी गाडी घेतली. दिसायला गोजिरी, पण सकाळी चालू केली की बॉनेटमधून असा चिरका आवाज यायचा की गल्लीतली कुत्री उठून बसायची. इंजिनाला जुंपलेले रबरी बेल्ट असतात ना, त्यातला एक ओरडत होता. गॅरेजवाल्यानं आमच्याकडे सगळेच करतात तेच केलं, चालत्या बेल्टला अंगाच्या साबणाची वडी घासली. आवाज बंद. दोन-चार दिवसांनी पुन्हा सुरू. इथले जीपवाले तर सीटखाली साबणाचा तुकडा बाळगतात आणि त्यालाच दुरुस्ती म्हणतात. भाऊजींना तो अपमान वाटला. मला म्हणाले, "वैनी, साबणानं आवाज दबतो, बिघाड जिथल्या तिथंच ऱ्हातो. कुठून यायलाय ते बघावं लागंल."

मग त्यांचा शोध सुरू झाला. शाळेतून आले की बाह्या सारून बॉनेटमध्ये डोकं. शोभाला गाडीत बसवून एक्सलेटर दाबायला लावायचे. एकेक बेल्ट काढून इंजिन चालू करून बघितलं. बेल्ट ज्या चाकांवर फिरतो त्या पुल्यांच्या बेअरिंगला लांब पेचकस टेकवायचे आणि त्याची मूठ कानाला लावायचे, डॉक्टर तपासतो तसे. बेल्टवर पाणी शिंपडलं की आवाज क्षणभर थांबायचा आणि पुन्हा उठायचा. ते म्हणाले, म्हणजे बेल्ट ढिला नाही, वाकडा चालतोय. एवढी अक्कल, एवढा धीर, आणि सगळा त्या लोखंडासाठी.

आणि नेमकी तेव्हाच त्यांची छाती जळायला लागली होती. बॉनेटवर वाकलेला माणूस मधूनच सरळ व्हायचा, छातीवर तळवा दाबायचा, जबडा चोळायचा. मग आत जाऊन पाण्यात सोडा टाकून प्यायचे, ढेकर द्यायचे आणि परत बॉनेटपाशी. गल्लीतला प्रत्येक जण वैद्य. एकीनं पित्ताच्या गोळ्या दिल्या, दुसरीनं कोकम, तिसऱ्यानं उपाशी राहा म्हणून सांगितलं. मी म्हणत राहिले की परभणीला चला, ईसीजी काढा. तर म्हणाले, "पित्त हाय वैनी. हिचा आवाज सापडला की हिच्यातच बसून जाऊ परभणीला." मी चिडून म्हटलं, "भाऊजी, तुमी छातीला साबण लावायलात." ते इतके हसले की त्यांना खोकला आला. शोभाला हाक मारून तिलाही ते वाक्य सांगितलं. जणू मी विनोद केला होता...

आवाज अखेर सापडला. शाळेतली लाकडी पट्टी त्यांनी दोन पुल्यांवर आडवी धरली, तर एक पुली किंचित मागं. पूर्वी कधीतरी कोणीतरी बॅटरी भरणारा अल्टरनेटर उतरवून बसवताना मधली चकती, वॉशर, विसरला होता. भाऊजींनी वॉशर टाकला आणि गाडी गप्प झाली. मला चुलीपुढून उठवून नेलं त्यांनी. "काय ऐकू यायलंय?" मी म्हटलं, काहीच नाही. "तेच तर!" म्हणाले. त्या क्षणी मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता परभणी.

तर हा माणूस शांत झालेली गाडी दाखवायला निघाला. मानवतला जाऊन मित्राला भर बाजारात बॉनेटला कान लावायला लावला. येलदरीला साडूकडे गेले, मासे खाऊन आले. जो भेटेल त्याला इंजिन चालू करून दाखवायचे. मी विचारलं की म्हणायचे, या आठवड्यात जाऊ. मानवत झालं, येलदरी झालं, परभणी तेवढी राहिली. आणि ज्यांनी पित्त म्हणून सांगितलं होतं तेच लोक मातीला आले आणि म्हणाले, झोपेत गेला, त्रास झाला नाही. त्रास झाला नाही? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत किती दिवस तो माणूस छाती दाबून उभा राहत होता. मला त्यांचा राग येतो, पण खरा राग भाऊजींचाच. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. आवाज दाबायचा नसतो, शोधायचा असतो, हे आख्ख्या जिंतुरात त्यांना एकट्याला कळत होतं.

परवा गाडी बघायला एक गिऱ्हाईक आलं. शोभाला चालवता येत नाही, म्हणून विकायचं ठरलं होतं. त्या माणसानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, वाकून बराच वेळ ऐकलं. मग मान डोलावत म्हणाला, "जरा सुदिक आवाज न्हाई. ज्याची हुती त्यानं जिवापाड जपलीय." शोभा पदर तोंडाला लावून आत गेली. मी त्याला सांगितलं, गाडी विकायची नाही. तो बॉनेट लावून निघून गेला.

सोड्याची डबी मी भाऊजी गेले त्याच दिवशी उकिरड्यावर फेकली. लाकडी पट्टी अजून गाडीच्या मागच्या सीटवर आहे. बॅटरी उतरू नये म्हणून शोभा सकाळी चावी फिरवते आणि मी बॉनेटपाशी उभी राहते. आम्ही दोघी कान देतो. वाटतं, एकदा तरी ओरडावं हिनं, म्हणजे ते बाह्या सारत बाहेर येतील... गाडी ओरडत नाही. त्यांनी काम पक्कं केलं आहे.