विराजचा उंदीर

२२ ऑगस्ट, शुक्रवार. शाडूची माती चाळून टबात भिजत घालते आहे. गणपतीच्या सुट्टीआधी आमच्या बालवाडीत मुलं उंदीर करतात. गणपती कारखान्यातून येतो, त्याचा उंदीर आपण करायचा, असं आम्ही त्यांना सांगतो. मग तो घरी नेऊन मखरात ठेवायचा.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला मी बाकी सगळं सांगते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हेही कारण खोटंच? असू दे.

बदलापुरात माझी दोन खोल्यांची बालवाडी आहे. एक वर्ग माझा, दुसरा मनालीचा – होता. ती अंबरनाथहून यायची, कॉलेज नुकतंच संपलेलं, माझ्याच हाताखाली शिकलेली. पेन्सिल धरण्याआधी बोटांत ताकद यावी लागते; वाल-वाटाणे निवडताना, तांब्यातून वाटीत पाणी ओतताना, कणीक मळताना मुलाच्या हाताला कळतं की किती झालं, कुठे थांबायचं – हे तिला मी शिकवलं. एबीसीडी कधी शिकवणार म्हणून पालक भांडायला येतात, त्यांना तोंड मीच देते. थोडक्यात, मला या कामातलं कळतं. कळत नसतं तर एवढं झोंबलं असतं का?

विराज इथून जवळच्या खरवई गावचा. आजी सोडायला यायची. हाताला काही ओलं, चिकट लागलं की हा पोरगा हात अंगापासून लांब धरून किंचाळायचा. पूर्ण वर्ष माझ्या वर्गात होता. मी रीतीनं गेले – आधी कोरडे वाटाणे, मग रवा, मग ओलसर रवा. तिथे जे अडलं ते अडलंच. पुढच्या वर्षी तो मनालीकडे गेला.

तिनं काय केलं? स्वतःचे हात चिखलात बरबटवले आणि त्याच्यापुढे धरले. माझे हात धुऊन दे ना, म्हणाली. त्यानं लांबूनच मगानं पाणी घातलं. माती निघेना. मग एका बोटानं चोळली. रोज हेच. आणि एक दिवस तिच्या हातावरची माती तो स्वतःच्या हाताला फासून हसत बसला होता. मी दारातून बघत होते. आनंद व्हायला हवा होता – हो ना? मला वाटलं, हे मला का नाही सुचलं? आणि लगेच, फार शहाणी झाली ही.

मग मला तिचं सगळंच खुपू लागलं. पाणी सांडते, आवरायला वेळ लावते, मोठ्यानं हसते. शाळा सुटली की मुलं तिच्या ओढणीला लोंबकळायची. मी फाटकाशी चपला वाटत उभी.

गेल्या वर्षी विराजनंही उंदीर केला. एक गोळा, एकच कान, शेपूट बोटाएवढं जाड, पाठीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा. न्यायला आलेल्या आजीला त्यानं तो ओढत नेऊन दाखवला. आजी खूश. माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "वरीसभर तुमचेकर होता बाय, तवा पिठाला हात नाय लावलान. आता माझे संगती भाकरी थापतो."

चेष्टाच होती ती. मनमोकळी बाई आहे. पण मनालीनं मान खाली घातली – मला वाईट वाटू नये म्हणून. तेच सगळ्यात लागलं.

संध्याकाळी मी एकटी होते. उंदीर खिडकीखालच्या फळीवर ओळीनं वाळत होते. मी – थांबून काय होणार आहे? – मी विराजचा उंदीर उचलला आणि टबातल्या मातीत दाबला. अजून ओला होता. कान लगेच गेला. शेपूट राहिलं, ते वेगळं दाबलं. बाकीचे उंदीर जवळ जवळ सरकवले, मध्ये फट दिसू नये म्हणून. संतापून नाही. खिडक्या लावाव्यात तसं, शांतपणे.

सकाळी विराजनं एकेक उंदीर उलटून पाहिला. प्रत्येकाला म्हणाला, "हा नाही."

मनाली गोंधळली. मी आजीच्या देखत तिला विचारलं, "काल टब आवरताना फळीवरचं काही उचललंस का गं तू?"

ती आठवू लागली. आणि आठवता आठवता तिला खरंच वाटलं की आपल्याच हातून गेला. तिनं आजीची माफी मागितली. विराजपुढे बसून त्याचीही मागितली. परत करू या म्हणून मातीचा गोळा पुढे केला, तर त्यानं तिच्या हातावर चापट मारली. ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला – हो, तेही केलं.

आजी हसली नाही. "बाय, पोराला परत तुमचेकरच घ्या," एवढंच म्हणाली.

नको म्हणू शकले असते. घेतला.

दिवाळीनंतर मनालीनं काम सोडलं. आता उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका कपड्यांच्या दुकानात बसते. लहान मुलांचं काम मला जमत नाही, असं जाताना म्हणाली. तिच्याइतकं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

आणि विराज – उंदीर शोधला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो माझ्या वर्गात येऊन बसला होता. मी टेबल कोरडं पुसलं, माती-पाण्याचे टब आतल्या मोरीत नेऊन ठेवले. त्याच्यापुढे उंदराचं छापील चित्र ठेवलं, हातात रंगखडू दिला, आणि रेषेबाहेर जायचं नाही म्हणून सांगितलं.