खोबळ्यात निजलेला हात

गॅसवर दूध, इस्त्रीखाली शाळेचा शर्ट आणि न्हाणीघरातून टॉवेलसाठी रोजची हाकाटी. त्या ऐन घाईत दार वाजलं. बाहेर जुन्या वस्तूंचे दुकानदार उभे. काखेत फडक्यात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी आणि चेहरा लॉटरी लागल्यासारखा.

"वहिनी, पोचेकाकांना सांगा, पातं सापडलं."

पोचेकाका म्हणजे माझे सासरे. बँडवाल्यांच्या पितळी वाद्यांचे पोचे काढण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून हे नाव. अलीकडे उजव्या हाताला कंप सुटलाय. हातात काम असेल तेव्हा कमी, पण हात मोकळा झाला की पानासारखा थरथरतो. घरात चालतं, परकं कुणी आलं की ते तो हात उशीखाली दडवतात.

दुकानदारांनी त्यांच्याकडे एक पट्टा दिला होता. पट्टा म्हणजे मुठीच्या जागी कोपरापर्यंत लोखंडी हातमोजा असलेली तलवार. त्या हातमोज्याला खोबळा म्हणतात. आला होता तो नुसता खोबळा, पात्याविना. गंजलेला, चेपलेला, आतलं अस्तर कुजलेलं. सासऱ्यांनी तेल लावून गंज काढला, आतून गोल गज फिरवून पोचा उठवला. अस्तराची गादी मी शिवली, माझ्या जुन्या मखमली ब्लाउजची.

गादी टोचते का ते बघायला त्यांनी हात आत घातला, आतली आडवी मूठ धरली. मी समोर वाटाणे सोलत होते. त्यांच्या मांडीवरच्या पेपरची फडफड थांबली म्हणून वर पाहिलं. हात निजला होता.

तेव्हापासून रोज दुपारी खिडकीशी खुर्ची, मांडीवर खोबळा. ऊन लोखंडावरून सरकत जायचं आणि त्यांची पापणी जड व्हायची. एकदा अर्धवट झोपेत म्हणाले, हात कुठेतरी लांब जाऊन येतो, तिथे पाणी असावं, गार वाटतं. मी हूं म्हटलं. त्या तासाभरात घड्याळसुद्धा जपून टिकटिकतंय असं मलाही वाटू लागलं होतं.

काम केव्हाच संपलं होतं. दुकानदारांनी विचारलं की म्हणायचे, अजून जरा घासायचंय. आमचे हे म्हणत, बाबा घासून घासून त्याचा चमचा करणार. मला कळत होतं. मी दुपारी खुर्ची खिडकीशी सरकवून द्यायचे.

आज दुकानदारांनी टेबलावर फडकं सोडलं. पातं खोबळ्याच्या खाचेत असं बसलं, जणू तिथूनच निघालेलं. त्यांचं म्हणणं, आत्ताच रिव्हेट मारू, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. सासऱ्यांनी पात्यावरून डावा अंगठा फिरवला, चांगलं आहे म्हणाले. मी पात्याच्या लांबीकडे बघत राहिले. एवढं धूड मांडीवर कुठलं मावायला?

"काका, अजून काय डोहाळे राहिलेत त्याचे?" दुकानदार हसत म्हणाले.

सासऱ्यांनी उजवा हात उशीखालून काढला आणि टेबलावर ठेवला. परक्या माणसासमोर, पहिल्यांदाच. बशीतला चमचा किणकिणू लागला. दुकानदारांचं हसू ओसरलं.

"पातं उद्या बसवतो," सासरे म्हणाले. "आजची दुपार खोबळा माझ्याकडे असाच राहू दे."