माघारी आणलेली लांडगी

पुतळाबाई वनखात्यात रोजंदारीवर होत्या. वरकुट्याच्या माळावरचे जनावरांचे पाणवठे उन्हाळाभर भरायचे, हे काम त्यांनी तेरा वर्षं केलं.

माळावर लांडग्यांचा एक कळप होता, नऊ जणांचा. पिल्लं दोन वर्षांची झाली की त्यातलं एखादं घर सोडून निघायचं. पूर्वी पुढं माळच माळ असायचा. आता ऊस, कॅनाल आणि मोठा रस्ता. गेलेलं एकही पिल्लू पुढं जगल्याचं पुतळाबाईंच्या कानावर आलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात फाटक्या कानाची एक मादी अशीच निघाली. आठवड्यानं निरवांगीजवळ कोरड्या विहिरीत सापडली. वनरक्षक रविंद्रनं जाळं टाकून तिला वर काढलं आणि ओळख पटवायला पुतळाबाईंना बोलावलं. मादीला थोडं खरचटलं होतं, एवढंच. नदीपलीकडच्या माळावर एक नर एकटाच फिरतो, हिला तिकडंच सोडू, असं रविंद्रचं मत होतं.

"साहेब, लेकरू वाट चुकलंय," पुतळाबाई म्हणाल्या. "तिला तिच्या माणसांत न्या."

"चुकली नाही, मावशी. निघालीच होती ती."

पुतळाबाईंनी हात जोडले. वरच्या साहेबांनाही माघारी नेणंच बरं वाटलं. संध्याकाळी पिंजरा उघडला, कळप तिला हुंगायला धावत आला, तेव्हा पुतळाबाईंना रडू आवरेना. घरी जाऊन त्यांनी शिरा केला.

चैत्रात लांडगे पाणवठ्याशी येऊन नुसतेच उभे राहू लागले. नाकं वाहायची, मागचे पाय लटपटायचे. भटक्या कुत्र्यांकडून आलेला रोग आहे, एकापासून दुसऱ्याला होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. वीस दिवसांत आठ गेले. फाटक्या कानाची शेवटी राहिली. ती बाभळीखाली पडून होती आणि जवळ जायची मनाई होती, म्हणून पुतळाबाई लांब बांधावर बसून राहिल्या. दुपारी तिचं पोट हलायचं थांबलं.

पुढं कधीतरी बोलता बोलता रविंद्र सांगून गेला, नदीपलीकडचा नर धडधाकट आहे, रोग तिकडं पोचलाच नाही.

"म्हंजी तिकडं सोडली असती तर ती वाचली असती."

"तसं सांगता येत नाही, मावशी. गाडीखालीही आली असती."

"आली असती. न्हायतर तिची पिल्लं तरी तितं असती."



पुतळाबाईंनी माळावरचं काम सोडलं. आता त्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरतात. नवीन कुणी लांडग्यांचं विचारलं तर "मीच आणली तिला" एवढंच म्हणतात आणि पुढची पिशवी ओढतात.